पिवळ्या कार्डाचे उंदीर

४ जून २०२५
आणि परत लिहून ठेवतो, फोन मी कट केला नाही, कल्पेशने केला. पहिली शिवी पण त्याचीच. मी फक्त एवढंच बोललो की बाबांचं ऑपरेशन थांबवा. त्यावर म्हणे, तू कोण लागून गेलास, नववी नापास, उंदरांची मोलकरीण.
मोलकरीण! मी हैदराबादला रिसर्च लाईनमध्ये आहे. पिंजऱ्यांचा भुसा बदलणं हे पण रिसर्चच. भुसा ओला राहिला तर उंदीर आजारी, उंदीर आजारी तर सायन्स बंद. मोठा भाऊ झाला म्हणून काय झालं? स्वतः पिकनिकवाल्यांना इको गाडीतून चिंचोटीच्या धबधब्यावर सोडतो आणि मला अक्कल शिकवतो.
ऑपरेशनसाठी माझ्या वाट्याचे साठ हजार मागतो. एक रुपया देणार नाही. गरजच नाही तर कशाला देऊ?

५ जून
कल्पेशला शांतपणे समजावलं. इतक्या शांतपणे की बाजूच्या रूममधले बघायला आले.
सांगितलं की शरीरात जीन पोचवायला बाकीचे लोक व्हायरस वापरतात. आमच्या लॅबमध्ये व्हायरसचं काम नाही. चरबीच्या एकदम बारीक गोळ्या, त्यात जीन भरायचा, शिरेतून सोडायचा. सरळ फुफ्फुसात आणि हार्टमध्ये उतरतो, आतून रिपेअर. ना कापाकापी, ना टाके.
तो म्हणाला, मग तुझ्या डोक्यात पण एक सोड.
अशा माणसाशी आयुष्यभर बोलणार नाही.

११ जून
बाबांनी वीस तारखेचं ऑपरेशन रद्द केलं. माझ्या शब्दावर! हॉस्पिटलात म्हणे सरळ सांगितलं, माझा धाकटा त्याच लाईनमध्ये आहे, तो थांब बोलतो.
बाबांच्या हार्टची एक झडप कडक झालीय. बाबांनी जन्म नायगावच्या मिठागरात काढला. ते म्हणतात, भरतीचं पानी आत घेतो ती उघाडी असते ना बांधावर, तिची फळी जाम झाली. त्यांना एवढंच कळतं. जीनचं कसं कळणार.
संध्याकाळी रीमा वहिनीचा फोन. बाबांना काय झालं तर या घराची पायरी चढायची नाही, म्हणाली. लग्न होऊन तीन वर्षं नाहीत आणि पायरीची मालकीण.

१२ जून
कल्पेशशी बोललो. फक्त त्याला सांगायला की मी बोलत नाही.

२३ जून
पिंजऱ्यांवर तीन रंगांची कार्डं आहेत. एका रंगाला खरं औषध, एकाला रिकाम्या गोळ्या, एकाला नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या रंगाला काय, ते शेवटपर्यंत कोणालाच सांगत नाहीत. संपदा मॅडमला पण माहीत नाही आणि त्या तर डॉक्टर आहेत.
मला माहीत आहे. पिवळं कार्ड. पिवळ्यांच्या डोळ्यांत बघितलं की कळतं. यासाठी शिक्षण लागत नाही, नजर लागते.
आजपासून रोज पिवळ्यांचं निरीक्षण. मोबाईल बंद. गुटखा बंद.

२४ जून
मोबाईल चालू करावा लागला. उंदरांचे फोटो काढायचे तर कशाने काढणार? गुटख्याचं उद्यापासून.

३ जुलै
आईचं पार्सल आलं. नंदाखालच्या मर्सी आंटीकडची सुकेळी. तिच्या वाडीतली केळी, उन्हात वाळवून मधासारखी झालेली. रूम पार्टनरने न विचारता निम्मी खाल्ली. भिकारडा.
उरलेल्यातली दोन मोज्यात घालून आत नेली. आत खायचं काही न्यायला बंदी आहे, तिथे फक्त ते कंपनीचे सुके गोळे. पण कडक औषधाबरोबर खुराक नको? आमच्याकडे साधं टॉनिक पण रिकाम्या पोटी देत नाहीत. नखाएवढे तुकडे करून पिवळ्यांना वाटले. मुंडी वर काढून हात चाटत होते. मला घरात असं कोणी विचारत नाही.

१९ जुलै
बोललो होतो! आज उंदरांना छोट्या पट्ट्यावर पळवून दम बघितला. पिवळे थांबायला तयार नाहीत. संपदा मॅडम दोनदा चष्मा पुसून आकडे बघत होत्या.
लगेच बाबांना फोन. सांगितलं, जमलं, थोडे दिवस कळ काढा. बाबा म्हणाले, बरा. मग थांबले. मग म्हणाले, तू जेवलास काय? मधे पुन्हा थांबले. नायगावला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

२ ऑगस्ट
मॅडमला गाठलं. बोळिंजच्या आहेत, म्हणजे आमच्याच बाजूच्या. पण कधी ओळख दाखवणार नाहीत, माझ्याशी हिंदीतच बोलणार. बाबांसाठी एक डोस मागितला.
आधी हसल्या. मग हसायच्या बंद झाल्या. म्हणाल्या, माणसापर्यंत पोचायला अजून कितीतरी वर्षं लागतील, पोचेल की नाही ते पण माहीत नाही. आणि हे औषध फुफ्फुसाच्या नसा आखडून हार्टवर ताण येतो त्यासाठी आहे. कडक झडपेचं काम वेगळं. वडिलांचं ऑपरेशन ताबडतोब करा.
मी समजलो. सगळ्यांसमोर हो कसं म्हणणार? कंपनीचं सीक्रेट असतं. डोळ्यांनी हो म्हणाल्या.

२१ ऑगस्ट
कल्पेश ओरडत होता. बाबांना आता विहिरीपर्यंत चालवत नाही, बसून झोपतात, डॉक्टरांनी परत तारीख दिली आणि बाबा परत म्हणाले धाकट्याला विचारा. बोल आता शास्त्रज्ञा, बोल.
जळतो. आयुष्यात पहिल्यांदा घरात माझं चालतंय, ते बघवत नाही.
आईला फोन करून सुकेळी अजून मागवली. आईला वाटलं मला आवडली. मला अजिबात आवडत नाहीत.

१२ सप्टेंबर
आज कार्डं उघडली.
निळं कार्ड खरं औषध. पांढरं रिकाम्या गोळ्या. पिवळं मिठाचं पाणी.
मिठाचं पाणी. खाऱ्या पाण्याने माणूस बरा होत असता तर माझ्या बापाला काहीच झालं नसतं. गुडघाभर खाऱ्या पाण्यात जन्म गेला त्याचा.
कार्डं लावताना अदलाबदल झाली असणार. मॅडमला तसं सुचवणार आहे.

१३ सप्टेंबर
सुचवायला वेळ मिळाला नाही. पिवळ्यांच्या भुशात सुकेळीचा तुकडा सापडला आणि मग कॅमेरा बघितला. आत कॅमेरा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दारावर बोर्ड आहे, पण इंग्लिशमध्ये.
आता पिवळ्यांशी तुलना कशाची करणार, सगळी बॅच फुकट. संपदा मॅडम पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलल्या. आठ महिने, म्हणाल्या. बस. आणि खुर्चीत बसल्या. बोळिंजची बाई असून दोन शिव्या घालता आल्या नाहीत? शिव्या घातल्या असत्या तर मला उलट बोलता आलं असतं.
मी तरी विचारलं, मग सुकेळीवर रिसर्च का नाही करत? पंधरा दिवसांचा पगार कापून गेटच्या बाहेर. जिथे माणसाची कदर नाही तिथे मीच राहणार नव्हतो.

१५ सप्टेंबर
बाबांना फोन केला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, कंपनीच्या बाजूने डिले आहे, सरकारी परमिशन बाकी आहे. अर्ध्यावर बाबांनी थांबवलं.
म्हणाले, रे बाबू, मना कवाच समजला होता. फळी जाम झाली की फळीच बदलायला लागते, त्यात औषध काय करनार? पन मना भ्या वाटत होता. छाती फोडतान म्हणजे काय गंमत हाय? तू थांब बोललास, मना तेवढाच आधार झाला. कल्पेश तुला शिव्या घालायचा, मी गप बसायचो. चूक माझी पन हाय.
मग दम खायला थांबले. मी रेंजला दोष दिला नाही.
म्हणाले, गुरुवारी अ‍ॅडमिट होतो. पैशाचा कल्पेशनी बघितला, गाडी विकली. तू पैसे नको धाडू. तू ये.
मागून कल्पेश म्हणाला, त्याला कशाला त्रास देता, त्याचे उंदीर उपाशी मरतील.
कसा जाणार? नवीन ठिकाणी कामाचं बोलणं चालू आहे, जवळजवळ पक्कं, तिथे पण लॅबच आहे, म्हणजे लॅबचं कॅन्टीन. अशा वेळी सुट्टी मागितली तर इम्प्रेशन खराब होतं. आणि गाडी विकलेल्या माणसासमोर उभं राहून बोलायचं काय?
हातात उरलेल्या पगारात तिकिटाला बाजूला ठेवलेले सहाशे पण टाकले. ऑपरेशनसाठी कल्पेशला पाठवतोय : तीन हजार चारशे.