पाहुण्यांना कुठे जेवायला न्यावं

दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. ‘सौ.’ लिहिताना हात अडखळला नाही, हे आधीच सांगून टाकतो. लग्न कर म्हणून तुझ्या मागे मीच तर लागलो होतो. सूनबाई म्हणायची मात्र जिभेला सवय झाली आहे, तेवढी चालवून घे. आम्ही दोघं बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

तुम्ही दोघं इकडे येताय, आणि आमच्या नव्या पाहुण्यांना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, कुठे कुठे जेवायला नेऊ असं विचारलंस. अगं, अगदी योग्य माणसाला विचारलंस. सगळी नोकरी मी बंदरातल्या क्रेनवर काढली. वर बसून जहाजं कमी आणि खानावळींचे धूर जास्त बघितले. कुठल्या चुलीवर काय चढलंय ते वाऱ्यावरून ओळखायचो. हे गाव मला आवडतं ते समुद्रामुळे, असं लोकांना वाटतं. खरं कारण पोट आहे.

पहिल्या दिवशी दुपारी धक्क्यावर गलबताच्या खानावळीत जा. मालक आता आणखी रुंद झालाय आणि तसाच डुलत डुलत चालतो. त्याला हे नाव ठेवणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं. तळलेला मासा मागायचा, पण भिंतीवरच्या पाटीकडे बघून नाही. “आज काय उतरलंय?” असं विचारायचं. नाही विचारलं तर तो परगावचे समजून कालचा वाढतो. खिडकीजवळचं टेबल मात्र घेऊ नका. तिथे वारा फार लागतो.

संध्याकाळी पोस्टामागे दोघी बहिणींच्या सूपच्या दुकानात जा. त्या अजून एकमेकींशी बोलत नाहीत. थोरली वाढते, धाकटी टेबल पुसते, आणि मध्ये गिऱ्हाइकाने निरोप्याचं काम करायचं. “तुमच्या ताईला सांगा, मीठ कमी आहे,” असं म्हटलंस की धाकटी खूश होऊन जादा पाव आणून देते. सूप मात्र असं, की दोघी बोलायला लागल्या तर बिघडेल अशी मला भीती वाटते.

दीपगृहाच्या चढावर ती कोळशावर मासे भाजणारी रागीट मावशी आहेच. ताटात काही टाकलं तर आईबाप काढते. पाहुण्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर बिचारे घाबरतील. आणि सकाळी कस्टम हाऊससमोरच्या बेकरीत लवकर जा. पहिला घाणा बाहेर येतो तेव्हा दारात उभं राहायचं. तो वास हीच अर्धी न्याहारी असते.

आता एक काम कर. घरी यायची धावपळ करू नका. घरात रंगकाम काढलंय, सामान सगळं मधोमध आणून ठेवलंय, पाय ठेवायला जागा नाही. मीच एखाद्या दुपारी तुम्हाला बाहेर भेटेन. आणि फोन करू नकोस. फोन आईच उचलते आणि तिला हल्ली नीट ऐकू येत नाही. पत्रच बरं.

पाहुण्यांना माझा नमस्कार सांग.

तुझे,
बाबा


दि. २१ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई,

आशीर्वाद. “रंग कुठला लावताय?” एवढं एकच वाक्य लिहून तू मला पकडलंस. खोटं बोलायलाही वकूब लागतो, आणि तो आपल्या घरात कधी कुणाला नव्हता.

आईला भेटल्याशिवाय परत जाणार नाही, असं लिहिलंस. तिने दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहीन, असंही लिहिलंस. वाचून बरं वाटलं आणि धस्सही झालं. ती तुझ्यावर रागावली आहे, तुझं दुसरं लग्न तिला रुचलं नाही, असं तुला वाटतंय. तसं असतं तर फार बरं झालं असतं गं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते.

तिला तुझ्या लग्नाचं माहीतच नाही. मी सांगितलेलं नाही. सांगणार तरी कसं? आपला सोन्या गेला हेच ती मानत नाही.

तू होतीस तोवर ती गप्प असायची. बंदराच्या तोंडाशी बोट उलटली, दोघं सापडले, आपला सापडला नाही. ते दिवस तू माझ्याइतकेच बघितलेस. तू माहेरी गेलीस आणि नंतर हळूहळू तिने स्वतःशीच एक गोष्ट रचली. सोन्याला लांबच्या बोटीवर नोकरी लागली, तिकडेच त्याने बिऱ्हाड केलं आणि तुला बोलावून घेतलं. आधी मी म्हटलं, बोलू दे, मन हलकं होईल. मग ती शेजारी सांगायला लागली. शेजारीही भले लोक, “हो का, छान,” म्हणाले. आता त्या गोष्टीला दारं-खिडक्या बसल्यात. तिकडे थंडी फार असते म्हणून ती तुम्हा दोघांसाठी स्वेटर विणते. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सांगा. हळूहळू म्हणजे किती हळू, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

जेवण तिचं म्हणायला जेवण. चिमणी बरी. आठवतं, रविवारी आपण तिघं बाहेर निघालो की कशी कडाडायची? “घरातली चूल काय शोभेला ठेवलीय?” आणि आपण जिन्यावर पोचेपर्यंत साडी बदलून आपल्या पुढे! हल्ली मी नेतो म्हटलं तर नको म्हणते. गलबताकडे मीही खिडकीपाशी बसत नाही. तिथून बंदराचं तोंड समोर दिसतं. वाऱ्याचं तुला उगीच लिहिलं होतं.

तरीही तू येच. मी पुष्कळ विचार केला. घरी नको, घरात सोन्याचे कपडे अजून खुंटीला आहेत, तुला सोसायचं नाही. रविवारी दुपारी दोघी बहिणींच्या दुकानात ये. मी तिला काही करून घेऊन येतो. तू समोर बसून दोन घास खा, तिच्या पाठीवरून हात फिरव, कामावर परत जायचंय म्हण आणि नीघ. काही कबूल करू नकोस, काही नाकारू नकोस.

पाहुण्यांना वेगळ्या टेबलावर बसायला सांगशील का? मला कळतं, हे कुठल्याही नवऱ्याला सांगण्यासारखं नाही. त्या भल्या माणसाला माझ्या वतीने हात जोड. नाही म्हणाले तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

तुझे,
बाबा


दि. १४ मार्च

चि. सौ. सूनबाई,

आशीर्वाद. तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. तुझ्या पत्रात क्षमा मागितलेली आहे. ती आधी परत घे. तुझं काही चुकलेलं नाही.

दिवस गेल्याचं तू मला कळवलं नव्हतंस. कसं कळवणार होतीस? दुकानाच्या दारातून तू आत आलीस, पदर सावरत, आणि मला आधी वाटलं, पोरीच्या अंगावर मांस चढलंय, बरं झालं. तोवर आईने ओळखलं होतं. खुर्चीवरून ती उठली कशी ते मला कळलंच नाही. त्या गुडघ्यांनी!

“अगं, कितवा?” म्हणाली.

“पाचवा,” असं तू म्हणालीस आणि मान खाली घातलीस. त्यानंतर तू ताटातून वर बघितलंच नाहीस, म्हणून पुढचं तुला लिहितो. तुझी पाठ पाहुण्यांकडे होती. मला ते तुम्हा दोघींच्या मधून सरळ दिसत होते.

आईने तुला विचारलं, “तो का नाही आला? बापाला रजा मिळाली नाही होय?” तू म्हणालीस, “कामावर आहेत.” तेव्हा पाहुण्यांचा चमचा हातातच राहिला. मग त्यांनी तो अगदी सावकाश, आवाज न करता खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जातील. मी मनात म्हटलं, गेले तर त्यांचा हक्क आहे.

तेवढ्यात तुला ठसका लागला. आईने मागे वळून बघितलं, समोर तेच दिसले, आणि तिने हाक मारली, “अहो भाऊ, इकडे जरा पाणी द्या!” धाकटी बहीण फडकं टाकून पाण्याचा जग घेऊन धावणार होती. पण त्याआधीच हा माणूस उठला, तिच्या हातून जग घेतला आणि आपल्या टेबलापाशी आला. तुझा पेला भरला. मग आईचा भरला, मग माझा. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

“नवे दिसता इथे,” आई म्हणाली.

“हो आई,” ते म्हणाले. “नवीनच आहे.”

“आमची सून आहे ही. पहिलटकरीण. हिला जरा गरम गरम वाढा.”

“वाढतो,” म्हणाले, आणि तुझी वाटी घेऊन थोरलीकडे गेले. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आई म्हणत होती, ठसका जोरातच लागला पोरीला.

सूनबाई, मला त्या माणसाबद्दल दुसरं काही लिहिता येत नाही. तुला चांगलं घर मिळालं. माझा मुलगाही चांगला होता, पण हे त्याला जमलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही.

आता इकडचं. आई त्या दिवशी दोन वाट्या सूप प्यायली. घरी येताना माझ्या पुढे चालत होती. वाटेत बेकरीत थांबून तिथल्या म्हाताऱ्याला सांगितलं, आजी होणार. दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला सांगून झालं. लोक तिचं अभिनंदन करतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. ती पोटभर जेवते. सकाळी गाणं गुणगुणते. जुन्या मऊ चादरी फाडून दुपटी शिवायला घेतली आहेत. दोन वर्षं मी देवाकडे हेच मागत होतो, की ती उठू दे, चार घास खाऊ दे, हसू दे. मागितलेलं सगळं मिळालं, आणि मला घरात उभं राहवत नाही.

मंगळवारी मी तिला स्वयंपाकघरात समोर बसवलं. ती दुपट्याला टीप घालत होती. म्हटलं, “ऐक. सोन्या गेला. बोट उलटली तेव्हाच गेला. सूनबाईने दुसरं लग्न केलं. ते मूल आपलं नाही.”

तिने सुई बाजूला ठेवली. मला वाटलं, आता फुटेल, रडेल, डोकं आपटून घेईल, आणि मी तिला धरायला हात पुढे केले. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

“बरं नाही का तुम्हाला?” म्हणाली. “त्याचं लांब जाणं तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. मी बघतेय ना कधीपासून. कुणाला बोलले नाही.” आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला. वर दुपारी जाऊन डॉक्टरांकडून माझ्यासाठी झोपेची गोळी घेऊन आली.

आता मी पुन्हा सांगणार नाही. माझ्यात तेवढं बळ उरलेलं नाही. पण चार महिन्यांनी ती विचारेल, मुलगा झाला की मुलगी. तेव्हा काय सांगू? मूल राहिलं नाही असं सांगू? तुझ्या जित्याजागत्या लेकराबद्दल असं अभद्र माझ्या तोंडून निघायचं नाही. आणि नाही सांगितलं, तर ती बाळाला बघायला निघेल.

म्हणून इथून जायचं ठरवलंय. तिच्या भावाचं घर डोंगरापलीकडे आहे, एक खोली रिकामी आहे. मेव्हण्याला सगळं सांगितलंय. हवापालट म्हणून चाललोय असं तिला वाटतंय. तिकडे पत्रं नीट पोचत नाहीत, असं मला वर्षानुवर्षं सांगता येईल. घर सोडल्याचं घरमालकाला कळवलंय. सोन्याचे कपडे मी काल खुंटीवरून काढले. ती म्हणाली, धुवून घ्या, आल्यावर लागतील.

काल दुपारी सगळीकडे एक चक्कर मारली. धक्क्यावर गेलो, पोस्टामागे गेलो, चढही चढलो. प्रत्येक ठिकाणी दारापर्यंत जाऊन परत फिरलो. आत जाऊन ‘येतो’ म्हणायचं, आणि यायचं नाही, हे जमलं नाही. मावशीने लांबून बघितलं आणि “म्हाताऱ्या, जेवायचं नाही तर वास कशाला घेतोस?” म्हणून ओरडली. तिला हात केला. क्रेनवरून सगळं आयुष्य मी ह्या गावाकडे खाली बघितलं, सूनबाई, आणि मला नेहमी वाटायचं, मरायच्या दिवशीही इथे कुठेतरी काहीतरी शिजत असेल. शिजेलच. आपण नसू.

मेव्हण्याचा पत्ता मी ह्या पत्रात देत नाही. तू शोधू नकोस. बाळंतपण झालं की कळवू नकोस. मुलगा की मुलगी, हे मलाही कळायला नको; कळलं तर माझ्या चेहऱ्यावरून ती ओळखेल. पाहुण्यांना माझा नमस्कार, आणि त्या दिवशीच्या पाण्याबद्दल काय लिहू ते सुचत नाही.

आई शेजारी येऊन बसली आहे. तुला लिहितोय हे तिला कळलं आणि मलाही दोन ओळी लिहायच्यात म्हणून हटून बसली. वरचा भाग मी घडी घालून झाकला आहे. खालची कोरी जागा तिची.

सुखी राहा.

बाबा


चि. सौ. सूनबाईस आईचे अनेक आशीर्वाद. जड उचलू नकोस, जिना सावकाश उतर. खाण्याची आबाळ करू नकोस. ह्यांची तब्येत जरा बरी नाही, उगीच काहीबाही बोलतात, तू मनावर घेऊ नकोस. आम्ही थोडे दिवस मामांकडे जातोय. तिथला पत्ता ह्यांनी वर लिहिलाच असेल. त्याला म्हणावं, आता तरी रजा काढ. बाळाला घेऊन तिघं मिळून सरळ तिकडेच या. मी वाट बघते आहे.

तुझी आणि त्याची,
आई