उदारामनं जागा सोडायची नाही

३ डिसेंबर १९३६, गुरुवार
धान घरात आलं. आता फुटबॉल. वीस तारखेला गोंदियाला आमच्या गावाची मॅच, रेल्वेच्या टीमशी. रेल्वेचा साहेब स्वतः बघणार आणि एका पोराला लोकोशेडात नोकरीला उचलणार. तो पोरगा म्हणजे माझा नातू उदाराम. दुसरा आहेच कोण. सून म्हणते, अजून तर खेळही व्हायचा आहे. रुख्माचं हे असंच. स्वतःच्या पोराचं चांगलं बोलताना तिची जीभ जड होते.

५ डिसेंबर
मैदानाच्या धुऱ्यावर बसून प्रॅक्टिस पाहिली. पाच फॉरवर्ड आणि पाचही चेंडूमागे, गुळावर माश्या बसतात तसे. मला हसू आवरेना.
आमचे धनी होते तेव्हा गावच्या तलावाचं पाणी तेच वाटत. त्यांचा कायदा एकच. पहिलं पाणी सगळ्यात दूरच्या बांधीला, धानाच्या शेवटच्या तुकड्याला. जवळच्याला आधी दिलं की तोच सारं पिऊन घेतो, शेवटच्याचं धान उभं वाळते. चेंडूचंही तेच. पहिला पास सगळ्यात दूरच्याला. म्हणजे उदारामनं धावायचंच नाही. समोरच्यांच्या गोलाजवळ आधीपासून उभं राहायचं, बाकीच्या चौघांनी मागून चेंडू सोडायचा. मी दुसरीपर्यंत शिकली, तरी सुचलं.

६ डिसेंबर
टीममधला बकाराम आडवा आला. तोंडावर देवीचे वण, चालतो बदकासारखा, लग्न जमून नाही राहिलं, आणि मला नियम सांगते. म्हणे, आजी, चेंडूच्या आधीच गोलापाशी जाऊन उभं राहिलं त त्याले ऑफसाइड म्हणतेत, रेफ्री शिटी मारते. मी म्हटलं, बाबू, तुयं थोबाड पाहून म्हैस दूध चोरते, तू काऊन बोलून राहिला. सारे हसले. बकारामही हसला, थोडासा. लई मजा आली.

८ डिसेंबर
उदाराम कुरकुर करून राहिला. म्हणे बकाराम बरोबर बोलते. मी अन्न सोडलं. (फुटाणे आणि गूळ अन्नात धरत नाहीत.) दिवस मावळायच्या आत पोरगा पायाशी येऊन बसला. माझ्या गळ्याची शपथ घ्यायला लावली: काही झालं तरी जागा सोडायची नाही. गुणाचं आहे लेकरू.

१३ डिसेंबर
प्रॅक्टिसला गोलच गोल. सारे उदारामचे. रेफ्री नव्हता, पण त्याच्यावाचून काही अडलं नाही.

२० डिसेंबर, सकाळ
छकड्यातून निघतो आहोत. रुख्मानं देवापुढे दिवा लावला. मी म्हटलं, कायले तेल जाळतेस, सारं ठरलेलं आहे.

२० डिसेंबर, घरी आल्यावर
रेफ्री विकलेला. उदारामकडे चेंडू गेला की शिटी. पुन्हा गेला की पुन्हा शिटी. मी छकड्यावर उभी राहून त्याचं खानदान काढलं, त्याला मराठी येत नव्हतं.
अर्धा खेळ झाल्यावर बकाराम हात जोडून उदारामला म्हणाला, मागं ये ना गा, साहेब पाहून राहिला. उदारामनं माझ्याकडे पाहिलं. मी गळ्याला हात लावून दाखवला. पोरगा परत जाऊन उभा राहिला. त्यानंतर कोणी त्याला चेंडूच दिला नाही. जळतात. रेल्वेचा गोलकीपर त्याच्याशी गप्पा मारू लागला, त्यानं उदारामला बिडीसुद्धा दिली. लोक हसत होते. मी पण हसली, म्हटलं पोरगा किती निवांत आहे.
हरलो. आमचा एकच गोल, तो बकारामनं मागून धावत येऊन मारला. आंधळ्याचा नेम लागला.

२१ डिसेंबर
साहेबानं बकारामला घेतलं. उदारामबद्दल विचारलं म्हणे, हा खेळायला आला होता की पाहायला. इंग्रज लोकांना खोल विचार झेपत नाही.
बकाराम पेढे घेऊन आला, पाया पडला. मी सांगितलं, माझ्या पोरानं तिथं उभं राहून गोलकीपरला गुंतवलं, म्हणून तुला जमलं. तो म्हणाला, हो आजी. उदाराम आतल्या खोलीत होता. पेढा नको म्हणाला.

२४ डिसेंबर
तीन दिवस उदाराम माझ्याशी बोलून नाही राहिला. घसा बसला असेल. रुख्माशी बोलतो ते हळू बोलतो.
पुढच्या मॅचसाठी नवीन विचार केला आहे. दोघांना उभं करायचं.

२७ डिसेंबर, रविवार
उदाराम दरेकशाला गेला. जंगलच्या ठेकेदाराकडे लाकूडतोडीला. मला सकाळी कळलं. विचारलं, तिथं फुटबॉल आहे का. म्हणाला, नाही, चौकशी करूनच चाललो.
शिदोरी मी बांधली, रुख्मानंही बांधली. फडकी दोन्ही सारखीच. तो तिची घेऊन गेला. घाईत चुकला म्हटलं असतं, पण माझी त्यानं सोडून पाहिली, पुन्हा गाठ मारली, आणि चुलीजवळ ठेवली.