हातातला पहिला बार

अब्बा,

आज माझ्या सुनेनं तुमच्या कानशीनं स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी घासली. पावसात चौकट फुगली आहे, कडी खोबणीत जात नाही. सुतार बोलावून आठवडा झाला, तो काही येत नाही. तिनं माझ्या पेटीतून कानस काढली आणि करकर करत पुढं-मागं घासत बसली. मी बाहेर पेपर वाचत होतो. तुम्ही असता तर पहिल्याच घासण्याला ओरडला असता. कानस जाताना कापते, येताना उचलायची. येताना घासली तर लोखंड तसंच राहतं, दात मात्र मरतात. हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं, आणि एकदा मनगटावर चापट मारून सांगितलं, तेव्हा मी छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो होतो, मला मिशा फुटल्या होत्या. ती चापट मी विसरलो नाही. कानस धरायला मात्र शिकलो नाही.

आपण घरात दखनीत बोलायचो. हे मराठीत लिहितोय, कारण सगळं आयुष्य वर्तमानपत्राला मराठीत मजकूर देण्यात गेलं. संध्याकाळी पानं लागायच्या आत मजकूर हवा असायचा, तो दिला. आता मनातलंही त्याच भाषेत उतरतं. आणि मला ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, त्या दिवशी तुम्हीही मराठीतच बोलत होता.

नगरला झेंडीगेटजवळचं आपलं दुकान म्हणजे एक खोली, पुढं ओटा. आत शेगडी, ऐरण, तेलाचे डबे, भिंतीला उभ्या केलेल्या शिकारीच्या बंदुका. बंदुका दुरुस्त करायचं लायसन काचेत घालून दारावर टांगलेलं. तुमची एक रीत होती आणि ती तुमच्या वडिलांपासून चालत आलेली. दुरुस्त केलेलं हत्यार आधी लाकडाच्या ओंडक्याला बांधायचं आणि आडोशाला बसून दोरीनं उडवायचं. ते टिकलं की मग हातात घेऊन उडवायचं, आणि हातातला पहिला बार कारागिराचा. त्याआधी गिऱ्हाइकानं घोड्याला बोट लावायचं नाही, मग तो कॅम्पातला साहेब असो की कुणी जहागीरदार. गिऱ्हाइकांना ही रीत आवडायची. काही जण पेढे घेऊन यायचे, जसं काही बारसंच आहे. मलाही तो एक समारंभच वाटायचा.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. मी बावीस-तेवीस वर्षांचा आहे, छापखान्याला सुट्टी आहे म्हणून ओट्यावर बसलोय. पुणतांब्याचे पाटील सकाळच्या गाडीनं उतरून आलेत, सोबत त्यांचा मेहुणा. पाटलांच्या वडिलांची बंदूक तुम्ही पूर्वी दुरुस्त केलेली, त्यामुळे ओळख जुनी. त्यांचा मळा नदीकाठी आणि नदी ओलांडून थोडं गेलं की निजामाची हद्द. त्या वर्षी रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या. मीच त्या तपासायचो, त्यामुळे खऱ्या किती आणि ऐकीव किती हे मला जरा माहीत होतं. नदीकाठच्या माणसाला तेवढी उसंत नव्हती. पाटलांनी फडक्यातून एक जुनं विलायती पिस्तूल काढलं.

"मिस्तरी, ह्याची काडतुसं मिळंनात. बनायचीच बंद झाली म्हनं. आन हायेत ती असली फुसकी, कुत्रं बी मरायचं न्हाई." मग त्यांनी खिशातून दुसरी काडतुसं काढली. जाड, चकचकीत, लष्करी. लढाई संपल्यावर कॅम्पाच्या आसपास काय काय मिळायचं, ते कुणी कुणाला विचारत नसे. "ही चालतील असं करून द्या."

तुम्ही पिस्तूल खोललं, उजेडाला धरलं, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. "पाटील, हे म्हातारं आहे. ह्याच्या दाताला झेपेल तेच ह्याला खाऊ घाला."

"मंग कवळी बसवा की!" मेहुणा म्हणाला, आणि तुम्हीही हसलात.

पण तुम्ही 'होणार नाही' म्हणालात तेव्हा तो हसायचा थांबला. "तसं न्हाई मिस्तरी. तुमाला जमतंय, पन करायचं न्हाई. आमाला कळतंय की."

"काय कळतंय?"

"नदीपल्याड तुमचीच मान्सं हायेत."

"ए, गप!" पाटील ओरडले. पण शब्द बोलून झाला होता. तुम्ही हातातलं फडकं घडी करून ठेवलं. घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा केली. मग म्हणालात, "ठेवून जा. पुढच्या आठवड्यात या."

दिवेलागणीला अम्मी चुलीपुढं भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसलाय. मी म्हणालो, परत देऊन टाका. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, नाही म्हटलं तर मन तिकडं आहे म्हणतील. हो म्हटलं आणि फुटलं, तर मुद्दाम केलं म्हणतील. अम्मीनं विचारलं, "मग काय करणार?" तुम्ही म्हणालात, "फुटणार नाही असं करीन." "होईल तसं?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि कालवणात बुडवलात. पुढं कितीतरी वर्षं मी संपादकीय पानावर देश, धर्म, निष्ठा असले मोठे शब्द वाचले, काही लिहिलेही. पण त्या वर्षी नगरातल्या एका कारागिराची अडचण तुम्ही जेवताना दोन वाक्यांत सांगून टाकली होती.

तो आठवडा तुमची कानस चालू होती. काडतुसाचं घर तुम्ही वाढवलं, जिथं आधार देता येईल तिथं दिला. घासायचं, पुसायचं, नखानं वाजवायचं, पुन्हा घासायचं. मी दुकानावरून जाताना आवाज ऐकायचो, आणि त्या आवाजावरून तुमचं मन लागलंय की नाही हे ओळखायचो. त्या आठवड्यात ते लागलं नव्हतं. पाटील यायच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "तू पण चल. तुझं मराठी चांगलं आहे. चार लोकांत सांगायची वेळ आली तर सांगशील."

आपल्या सीना नदीच्या पात्रात, गावाबाहेर. उन्हाळ्यात तिथं वाळू आणि बाभळी, दुसरं काही नाही. ओंडका दगडांत रोवलेला, त्याला पिस्तूल बांधलेलं, आपण चौघं दरडीमागं. तुम्ही दोरी ओढली. आवाज मोठा झाला, बाभळीवरचे कावळे उठले. पिस्तूल शाबूत. पुन्हा भरलं, पुन्हा ओढली. शाबूत. मेहुण्यानं मांडीवर थाप मारली, "वाजलं रं वाजलं! उगाच भ्या दावीत हुते मिस्तरी!" पाटलांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. माझाही गेला, हे कबूल करतो. तुम्ही मात्र रिकामं काडतूस उचलून अंगठ्यानं चाचपत होता. मग पिस्तुलाच्या कडेवरून तोच अंगठा फिरवलात.

"ह्या काडतुसाचं पोट सुटलंय, पाटील. पिस्तूल टिकलं नाही हे. तग धरला, एवढंच. मी हे देणार नाही. जुनं होतं तसं करून देतो."

पाटलांनी काडतूस फिरवून फिरवून पाहिलं. "मला तर काय दिसंना." मलाही दिसलं नाही.

"झालं! शेवटाला तेच!" मेहुणा उसळला. "दोरीनं उडतंय आन हातानं उडत न्हाई? आमचा हात काय दोरीपरीस वंगाळ हाय व्हय?"

अब्बा, पुढचं मी इतक्या वेळा मनात मांडलंय की एखाद्या वाक्याला झीज लागली असेल. पण मला वाटतं, तुमचा हात त्या मेहुण्याच्या टोमण्यानं गेला नाही. टोमणे तुम्हाला नवे नव्हते. तो गेला पाटलांच्या चांगुलपणानं. ते लाजेनं लाल झाले होते. ते पुढं झाले, ओंडक्यावरचं पिस्तूल सोडवायला लागले आणि म्हणाले, "सरा मिस्तरी. पयला बार मी उडवतो. माझा तुमच्यावर भरोसा हाय, ह्याला बी दिसू द्या."

तुम्ही त्यांचं मनगट धरलंत. "भरोसा माझ्यावर आहे ना? मग माझं ऐका. ह्याच्यावर ठेवू नका."

"तुमी केलंय म्हंजे तुमीच की ते."

एवढा मान त्या वर्षी तुम्हाला दुसऱ्या कुणी दिला नव्हता, आणि तो देणारा स्वतःचा हात घालवायला निघाला होता. पुन्हा ओंडक्यावरून उडवावं, तर पुन्हा तग धरला की त्यांचा भरोसा आणखी वाढणार. दगडानं ठेचून टाकावं, तर हत्यार त्यांचं, लायसन त्यांचं. परत द्यावं, तर ते घरी जाऊन उडवणार, तुमच्यावरच्या विश्वासापायी उडवणार. डोहात फेकावं, तर सीनेला त्या महिन्यात पाणी कुठलं. तुम्ही अगदी दुकानातल्या आवाजात म्हणालात, "रीत माहीत आहे ना, पाटील? हातातला पहिला बार कारागिराचा. दरडीमागं व्हा."

पाटील मागं झाले. रीत त्यांना वडिलांच्या वेळेपासून माहीत होती. तुम्ही एकटेच पुढं चालत गेलात, आमच्याकडं पाठ केलीत, तोंड बाजूला वळवलंत आणि हात लांब केलात.

आवाज वेगळाच झाला, भांडं फुटावं तसा. तुम्ही ओरडला नाहीत. वाळूत बसलात, नमाजाला बसावं तसे, आणि हाताकडं बघत राहिलात. सगळ्यात आधी धावला तो मेहुणा. डोक्याचा पटका टरकन फाडला, मनगटाशी आवळून बांधला, आणि तोवर मिस्तरी मिस्तरी करणारा तो माणूस रडत म्हणत होता, "चाचा, हात वर धरा. चाचा, वर धरा." त्यानंच तुम्हाला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं, टांगा अडवला, दवाखान्यात पोचवलं. अंगठा आणि पुढची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. फौजदार जबाब घ्यायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, दुरुस्ती पारखताना फुटलं, कुणाचा दोष नाही. चार लोकांत सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. मला कुणी काही विचारलंच नाही.

पावसाळा सरता सरता आपल्या गावातून लष्कराच्या गाड्या पूर्वेकडं गेल्या. दोन-तीन दिवस रस्ते धुळीनं भरले आणि नंतर काही दिवसांत निजामाचं राज्य संपलं. मीच त्या बातमीचं मुद्रित वाचलं. दिवाळीच्या सुमारास पाटील ज्वारीचं पोतं घेऊन आले, ओट्यावर बसले. तुम्ही विचारलंत, "मळ्यावर काही झालं का?" ते खाली बघत म्हणाले, "कोन बी आलं न्हाई मिस्तरी. रानडुकरं आली तेवढी." तुम्ही हसलात. ते हसले नाहीत. दरवर्षी ते यायचे, दुपारभर बसायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. तुम्ही डाव्या हातानं स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करायला लागला होता. बंदुका हळूहळू भिंतीवरून गेल्या. कानस पुन्हा धरली नाहीत. तिला दोन हात लागतात.

मला विचारायचं ते एवढंच आहे. दवाखान्यातून आल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, फुटणार हे माहीत होतं का? तुम्ही म्हणालात, "वेडा आहेस का? माहीत असतं तर धरलं असतं का मी?" मी विश्वास ठेवला. मग एका दुपारी मी चपला काढत होतो आणि अम्मी आत तुम्हाला भरवत होती. डाव्या हातानं जेवायचं नाही म्हणून तुम्ही हट्ट धरला होता, तेव्हा ती घास करून द्यायची. तिनंही तेच विचारलं असावं, कारण तुम्ही म्हणालात, "माहीत होतं गं." मग अम्मी म्हणाली, "मुँह खोलो." बस्स, एवढंच. मी चपला पुन्हा घातल्या आणि छापखान्यात गेलो.

दोघांपैकी एकाशी तुम्ही खोटं बोललात. मला धीर द्यायला, की तिला? तिला पटावं की हात फुकट गेला नाही, जाणूनबुजून दिला? की मला वाटू नये की बापानं घराची भाकरी मिळवणारा हात आम्हाला न विचारता एका शेतकऱ्याच्या हाताच्या बदल्यात देऊन टाकला? आयुष्यभर दोन बाजू ऐकून बातमी करण्याचं काम केलं, आणि ही एक तशीच पडून राहिली. घरात कुणी विचारलं तर मी सांगतो की तुम्हाला माहीत नव्हतं, अपघात झाला. तसं सांगणं सोपं जातं. माहीत होतं असं धरलं की मला तुमचा अभिमान वाटतो, आणि लगेच अम्मीची आठवण येते, आणि थकायला होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. कानशीबरोबर पेटीत ठेवून देईन. कडी अजून बसत नाही. सून घासत होती तेव्हा मी उठून तिला सांगायला हवं होतं की बाई, येताना उचल, दात मरतात. मी पेपर तोंडापुढं धरून बसून राहिलो. सीनेवरच्या त्या दिवसानंतर आपल्याकडं कानशीचा आवाज झालाच नव्हता, अब्बा, आणि मला तो अजून थोडा वेळ ऐकायचा होता.