जावयाने खाल्लेली माती

घूर्णी, कृष्णनगर
ज्येष्ठ सरता सरता

तीर्थस्वरूप बडदा यांच्या पायाशी गोकुळ पालचा साष्टांग नमस्कार.

आपली कंबर आता कशी आहे? वहिनींचा दमा? इकडे सर्व ठीक. म्हणजे आपली धाकटी बहीण आणि माझी अर्धांगी अन्नदा माझ्याशी बोलत नाही, तेवढं सोडलं तर ठीक. (ती हे पत्र चोरून वाचेल ही भीती नको. माझा हात लागलेली प्रत्येक वस्तू तिने सध्या वर्ज्य केली आहे.)

मी ओसरीवर हौशी मंडळींना मातीकाम शिकवतो, हे आपण जाणताच. आपण त्याला रिकामटेकड्यांचा अड्डा म्हणाला होतात, ते मी मनावर घेतलेलं नाही. नवशिक्याला भांडं कर म्हटलं की त्याचे हात कापतात. खाऊ कर म्हटलं की तोच बाह्या सरसावतो. म्हणून मी सगळं खाण्यावरून शिकवतो. मातीच्या लांब वळ्या करून गोल गोल बसवायच्या, ती जिलबी. लाटून, दुमडून, कडा ओल्या मातीने चिकटवायच्या, तो सामोसा. पोकळ वस्तूला भाजण्यापूर्वी भोक ठेवावं लागतं, नाहीतर ती फुटते. आमचे निवृत्त पोस्टमास्तर हालदारबाबू यांनी "भोकातून तेल शिरेल" असं म्हणत ते बुजवलं, आणि भट्टीत त्यांच्या सामोशाने वर्गातल्याच कुंडूवहिनींची जिलबी सोबत नेली. दोघं अजून एकमेकांकडे पाठ करून बसतात.

तर यंदा आमच्या लेकीच्या, मल्लिकाच्या लग्नानंतरची पहिली जामाईषष्ठी, जावयाला ताटावर बसवून कौतुक करायचा सण. पहिल्या षष्ठीला जावयाच्या ताटात एक खोटी मिठाई ठेवायची ही रीत मी आपणांस काय सांगावी? आपणच मला कापसाचा रसगुल्ला चारला होतात. (मी विसरलेलो नाही.) यंदाचा मान वर्गाने मागितला. हालदारबाबूंनी, मला न विचारता, स्वयंपाकघरातून अन्नदाचा संदेश मिठाई पाडायचा साचा उचलला. तोच, आपल्या आईचा, शंखाचा. अन्नदा चुलीवरची छेन्याची कढई तशीच टाकून ओसरीवर आली आणि साच्यावरून त्यांचं जे जुंपलं ते शेजारपाजारचे ऐकायला येईपर्यंत चाललं. तोवर साच्यातून मातीचा शंख निघालाही होता. उन्हात वाळवून, खडूचा हात देऊन, वर केशराची काडी लावली. भाजायला वेळच नव्हता. हालदारबाबूंनी बुडाला 'ह' कोरला. निवृत्त झाले तरी शिक्का मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

मल्लिकासोबत आलेला जावई प्रद्योत ताटावर बसला. वर्ग खिडकीशी उभा. त्याने शंखाचा संदेश उचलला, चावला. कट्ट असा आवाज आला. आम्ही हसू तयार ठेवलं होतं. पण पोरगा चावतच राहिला. डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिला, सगळा संपवला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "फार छान झालाय, मां. जरा घट्ट आहे, पण छान."

कोणी हसलं नाही. अन्नदाने माझ्याकडे पाहिलं. "आजवर स्वतः माती खाल्लीत ती पुरली नाही? आता जावयालाही खायला घातलीत?" मग तिने त्याला संध्याकाळपर्यंत ओव्याचा काढा पाजला. तो तोही मुकाट्याने प्यायला. बोलणी बंद झाली ती तेव्हापासून. कुंडूवहिनींच्या हाती मला निरोप आला आहे: रथयात्रेपर्यंत ओसरीवरून माती हलली नाही, तर अन्नदा आपल्याकडे, माहेरी निघून येईल.

बडदा, हे हसण्यावारी नेऊ नका. मल्लिका सासरी गेल्यापासून घरात माणसांचा आवाज असतो तो त्या ओसरीवर. आणि अन्नदा समोर नसली तर मला घास गिळवत नाही. दोन्हींतलं एक निवडायला सांगू नये, इतकंच माझं म्हणणं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला
गोकुळ

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. आपण येत्या रविवारी यावं, तिच्या हातचा संदेश तिच्यादेखत खावा आणि दुसरा मागावा. माहेरच्या माणसाने दुसरा मागितला की तिचा राग टिकत नाही. ती खुशीत असेपर्यंत ओसरीचं नाव काढू नये.

आणखी ता. क. डिंक शोधायला मल्लिकाचं कपाट उघडलं. तिच्या रुमालात मातीचा शंख मिळाला. बुडाला 'ह'. नवऱ्याची दया येऊन पोरीने तो ताटातून काढून तिथे आईने त्याच साच्यातून काढलेला खरा संदेश ठेवला असणार, आणि आवाज ऐकल्यावर तोंड मिटून घेतलं असणार. हयात पोस्टात घालवलेल्या माणसाचा एकच संदेश, तोही पत्त्यावर पोचला नव्हता. जावयाने खाल्ला तो अन्नदाचा. (भांडण चालू होतं तोवर छेना कढईत आटत राहिला आणि दगड झाला, दुसरं काय?)

हा शंख तिच्यापुढे ठेवला तर माझा वर्ग या क्षणी निर्दोष सुटतो. तो घेऊन मी बराच वेळ बसलो. मग बादलीत टाकला. कच्ची माती, दोन बुडबुडे आले आणि चिखल झाला. जावयाने मातीच खाल्ली असं आपणही धरून चालावं, आणि हे पान फाडून टाकावं.

विनंती कायम आहे. दुसरा मागायचाच. कवळी घालून यायचं की घरी ठेवून, ते मात्र आपलं आपण पाहावं.