सातव्या गाठीखालचा उजेड

रविवार, २१ एप्रिल १९६८

कंदील आजही सातव्या गाठीला विझला! तीनदा सोडला, तीनदा तिथेच. रॉकेल भरलेले, काच धड, वात मी स्वतः कापलेली. वारा नाही. वाडीतल्या पडीक विहिरीत दोराच्या सातव्या गाठीपर्यंत ज्योत सरळ असते, मग ठेंगणी होते, आणि — नाही.

वडील सांगायचे, दिवा जळतो तोवर खालचा माणूस ठीक. विझला की ओढायचे, विचारत बसायचे नाही.

देवूदादा तरीही गाळ काढायला उतरणारच म्हणतो. तारापूरला एवढी माणसे आली, भाजीला गिऱ्हाईक आहे, आणि वाडीत पाणी नाही. म्हणाला, "बळ्या, तू वहीत लिवत बस. शुद्ध लिवून पाणी लागतं काय?"

२३ एप्रिल

पुढच्या खोलीत नागोराव भाड्याने राहतात — नांदेडकडचे, वीजघराच्या बांधकामावर ओव्हरसियर. त्यांना कंदिलाचे सांगितले. हसले नाहीत. खाली जड हवा साचते, म्हणाले, तिच्यात ज्योत जगत नाही.

मग म्हणाले, आकाशातही तशा जागा असाव्यात. मोठा तारा आपल्याच वजनाने आत कोसळतो. त्याच्याभोवती एक कड असते, तिच्या आतून काही सुटत नाही. उजेडसुद्धा! इंग्रजीत ब्लॅक होल म्हणू लागले आहेत.

मी विचारले, आत पडणारा माणूस दिसतो का?

"बाहेरून बघणाऱ्याला तो कडेशी मंद मंद होत थांबलेला दिसतो. तो केव्हाच आत गेलेला असतो. बघणारा आपला बघतच राहतो."

'गुरुत्वाकर्षण' त्यांच्याकडून तपासून घेतले. दोन्ही उकार ऱ्हस्व.

२४ एप्रिल

कडेशी थांबलेला तो माणूस दिवसभर डोळ्यांपुढून हलेना.

२६ एप्रिल

नागोरावांच्या मासिकात तशाच ताऱ्याची गोष्ट आहे. ओटीवर मोठ्याने वाचली. नायकाचे यान आत जाते आणि तो दुसऱ्या बाजूने बाहेर येतो, दाढीसुद्धा न वाढता.

दादा खूश. "बग, सुटला ना?"

नागोराव म्हणाले, "देवू, गोष्टीत सुटतोच. तिथं लिहिणाऱ्याला दया येते."

शालूवहिनी आतून ओरडली, "मंग त्या लिवणाऱ्यालाच सोडा हिरीत!"

सगळे हसले. मी पण.

२८ एप्रिल

नागोराव सुटीवर गावी गेले.

बोईसरहून दोन सेलची बॅटरी आणली. गाळ किती आहे ते वरूनच दिसले की दादाला उतरायला नको, असा माझा विचार. दोराला बांधून सोडली. सातवी गाठ — जळते आहे! आठवी, नववी. तळ दिसला. फुटके मडके. त्याच्याजवळ एक बेडूक, उताणा, पाय ताणलेले.

दादा टाळी वाजवून म्हणाला, "विजली नाय! हवा चांगली हाय."

मला बरे वाटले. तरी कुठेतरी चूक आहे असे वाटत राहिले. लिहिलेला शब्द चुकला तर मला लगेच दिसतो. ही चूक दिसेना.

३० एप्रिल

सकाळी दादा उतरला. कमरेला दोर बांध म्हणून मी हट्ट धरला. बॅटरी गळ्यात. दोर माझ्या हातात. गाठी मोजत सोडला. सातवी गेली. आठवी. मग दोर सैल पडला.

"दादा?" म्हटले. उत्तर नाही. पण उजेड होता! स्वच्छ, पिवळा. मध्येच झाकला, पुन्हा दिसला. तीनदा. मी मोजले. वाटले, काम करतो आहे. मग उजेड नुसता स्थिर. मी कठड्यावरून वाकून त्याच्याकडे बघत राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

वहिनी चहा घेऊन आली. तिने एकदा खाली बघितले, आणि पेला टाकून दोराला हात घातला. "भावजी, ओढा! बगत काय बसलाव!" शेजारचा महादू धावत आला. तिघांनी ओढले.

दादाचे ओठ जांभळे. गळ्यात बॅटरी हलत होती. जळत होती.

१ मे

पालघरचा दवाखाना. श्वास आहे. डोळे उघडत नाहीत. डॉक्टर वहिनीला म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता. वहिनीने माझ्याकडे बघितले.

घरी बॅटरी तशीच कोनाड्यात पडून. मिणमिणते आहे. बटण बंद करायला हात होत नाही.

३ मे

दादा बोलला! वहिनीला बाहेर पाठवून मला जवळ बोलावले. "पाय गेलं, तोंडातून सबूद निगंना. म्हणून बॅटरीपुढं हात केला. तीनदा. तू वर दिसत व्हतास, कडेला. हलतच नव्हतास."