पलीकडच्या कड्यावरचं स्थळ

तीर्थरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे यंदा उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घ्यावा). तुमचा खोकला कसा आहे? ताईचा माझ्यावरचा राग एव्हाना उतरला असेलच.

पत्रास कारण आमची थोरली. तिच्यासाठी स्थळ पाहिलं आहे. मुलगा गुरांचा डॉक्टर, थोरलीला मनापासून पसंत. अडलंय ते त्याच्या आईच्या होकारापाशी. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, उत्तर तपासल्याशिवाय देत नाहीत. घर म्हणाल तर आमच्या ओसरीतून दिसतं, वाळत घातलेल्या चादरीचा रंगसुद्धा सांगता येतो. तेवढ्यावर भुलून मी हिला म्हणालो, चहा टाक, तोवर बाईंना भेटून येतो. आमचं नवं घर तुम्ही पाहिलेलं नाही. हे पठार लांबून पाटासारखं सपाट, आणि चार पावलं पुढे गेलं की एकदम नाहीच! ओढ्यांनी ते जागोजागी इतकं खोल चिरलंय की सरळ जाण्याची सोय फक्त ढगांना आहे. मी कडा उतरलो (म्हणजे बसून, विजारीच्या भरवशावर). त्याखाली सुट्या दगडांचा उतार, त्याखाली पुन्हा कडा. जिना बांधता बांधता गवंडी मध्येच पळून गेल्यासारखा. तळाशी ओढा, आणि पलीकडे तेच सगळं उलट्या क्रमाने. बाईंच्या दारात पोचेतो दिवेलागण झाली होती आणि विजार कामातून गेली होती. म्हणून मी भिंतीला टेकूनच बोललो आणि निघतानाही पाठ न दाखवता निघालो. मुलाने गाडीतून वळशाच्या रस्त्याने घरी सोडलं. (असा रस्ता आहे, हे हिला ठाऊक होतं. मी विचारलं नाही, म्हणून तिने सांगितलं नाही.)

"माणूस अदबीचा दिसतो," असं बाई मागाहून म्हणाल्या. हे मी आमच्या ओसरीत बसून ऐकलं. मधली दरी वाडग्यासारखी वळलेली आहे. संध्याकाळी वारा पडला की त्यांच्या अंगणातला शब्द इकडे येऊन पडतो. पाण्याच्या टाकीवर टिचकी मारून भोक कुठे आहे ते ओळखत मी धंदा उभा केला, हे कान काय सोडतात? तेव्हापासून रोज ओसरीत असतो. काल बाई म्हणाल्या, "मुलगी गुणाची रे, पण बाप बनेल वाटतो." थोरलीनेही ऐकलं. ती न जेवता निजली. भाऊजी, मला खुशाल बनेल म्हणा, पण पोरीचं ताट तसंच परत गेलेलं पाहवत नाही.

एकदा येऊन जा.

तुमचा मेहुणा

ता. क. खरं काम असं आहे की संध्याकाळी ओसरीत बसून तुमच्या खड्या आवाजात माझ्या सरळ स्वभावाबद्दल चार वाक्यं बोलायची. मी "कशाला, कशाला" म्हणेन. तुम्ही थांबायचं नाही.

पुन्हा ता. क. हिचा चष्मा फुटलाय, म्हणून हे पत्र तिला ओसरीत मोठ्याने वाचून दाखवलं. "थांबायचं नाही"पर्यंत आलो, तोच समोरून बाईंचा आवाज आला, "बनेल म्हणाले ते मागे घेत नाही हो! पण लेकीच्या ताटापायी जीव तुटणारा माणूस चालेल मला. रविवारी जेवायला या, व्याही!"

तेव्हा तुम्ही येऊ नका, आम्हीच दोघं तुमच्याकडे येतो. पत्र ओसरीत वाचायला कुणी सांगितलं, यावरून आमचं एक भांडण व्हायचं आहे, आणि ते करायला या घरात आता जागा उरलेली नाही.