वेन्त्सेलचं म्हणणं खरं होतं

व्हिएन्ना, १४ नोव्हेंबर

प्रिय आई,

मी बरी आहे, तू पाठवलेलं जाकीट रोज घालते. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या प्रयोगात प्रकाशाचा एकच कण दोन यंत्रांतून जायचा, आणि तो आधी कुठल्या यंत्रातून गेला हे ठरलेलंच नसायचं. त्या क्रमाचा माग कुठे राहिला, तर सगळं फुकट. एका काचेमुळे तसा माग राहतोय, असं माझा सहकारी वेन्त्सेल मार्चमध्ये म्हणाला होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "स्वतःला जमलं नाही की दुसऱ्याच्या कामात खोट काढायची." उन्हाळ्यात त्याने प्रयोगशाळा सोडली.

गेल्या आठवड्यात मी ती काच बदलून पुन्हा मोजलं. त्याचंच खरं निघालं. शोधनिबंध मागे घेतला. नोकरी शाबूत आहे, काळजी करू नकोस.

रविवारी श्टायरला त्याच्या घरी गेले. तो आता तिथल्या शाळेत गणित शिकवतो. दारातच माफी मागितली.

"हे फोनवर सांगता आलं असतं," तो म्हणाला.

"चारचौघांत बोलले होते. निदान समोर तरी यावं."

त्याने कॉफी दिली, काचेचे आकडे बारकाईने विचारले. परत ये म्हटलं, तर म्हणाला, "आता नाही गं. तेव्हा एकदा तपासून पाहिलं असतंस, तर गेलोच नसतो."

आई, माझ्या प्रयोगाचं पेपरातलं कात्रण तू आपल्या बेकरीत लावलं आहेस ना? ते काढ. कुणी विचारलं, तर खरं काय ते सांग.

तुझी,
थेरेस